घाटात गरम झाली की गाडी बंद, थंड झाली की चालू. पी०३३५ कोड, दोन सेन्सर बदलून झाले तरी तेच

पोफळीचा_चढ

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितोय पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला अंदाज यायचा नाही. गाडी पेट्रोल हॅचबॅक, २०१४ चं मॉडेल, २०१९ ला सेकंडहँड घेतली, आत्ता ९२ हजार किलोमीटर झालेत. आम्ही चिपळूणला राहतो आणि वडिलांना दर पंधरा दिवसांनी कराडला डॉक्टरांकडे न्यावं लागतं, म्हणजे कुंभार्ली घाट ठरलेलाच.

जूनमध्ये पहिल्यांदा झालं. पोफळी सोडून चढाला लागलो, दुसऱ्या गिअरवर होतो, आणि कुणीतरी चावी फिरवावी तशी गाडी बंद. झटके नाहीत, मिसिंग नाही, पिकअप कमी झाला असंही नाही, एकदम गप्प. डॅशबोर्डचे दिवे लागतात, हॉर्न वाजतो, सेल्फ मारला तर इंजिन चांगलं जोरात फिरतं पण पकडतच नाही. पाऊस, वळण, मागे ट्रक आणि शेजारी वडील. बोनेट उघडून वीस-पंचवीस मिनिटं थांबलो, मग पहिल्याच सेल्फला चालू झाली आणि कराडला जाऊन परत आली, जसं काही झालंच नव्हतं.

गॅरेजला दाखवली, स्कॅनर लावला, पी०३३५ आला, म्हणाले क्रँक सेन्सर (इंजिन किती फिरतंय ते सांगणारा) गेलाय. सेन्सर आणि मजुरी मिळून १,४०० रुपये. नंतर अडीच महिने गाडी उत्तम चालली, मी निर्धास्त. सप्टेंबरच्या सुरुवातीला परत तसंच. दुसरं गॅरेज धरलं, ते म्हणाले आधीच्याने डुप्लिकेट सेन्सर टाकलाय, ओरिजनल टाकू, २,६०० रुपये गेले. ती चालली तीनच आठवडे. आता परवा चिपळूण बाजारात सिग्नलशिवायच्या गर्दीत बंद पडली, घाटसुद्धा नव्हता. आता म्हणतात ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) गेलाय, नवा २८ हजार, जुना मिळाला तर १२ हजार, आणि तोही टाकून फरक पडेलच याची खात्री देत नाहीत.

माझा प्रश्न एवढाच की ईसीएम असा थंड-गरम होऊन जातो का? आणि घरी मला काय काय तपासता येईल? माझ्याकडे साधा डिजिटल मल्टिमीटर आहे, वीजकामाची थोडी सवय आहे, गाडीचं फारसं काही केलेलं नाही. पैशांपेक्षा मला भीती वडिलांना घेऊन वळणावर गाडी बंद पडण्याची वाटते, मागच्या वेळी त्यांचा हात डॅशबोर्डवर घट्ट धरलेला होता तो अजून डोळ्यासमोर आहे.


रानडुक्कर_रायडर

भाऊ माझ्या गाडीत डिट्टो हेच होत होतं, टाकीतला पेट्रोल पंप गरम झाला की थांबायचा. पंप बदलला, विषय संपला. आधी पंप बघा, सेन्सरच्या नादी लागू नका.


सांगलीचा_वायरमन

पोफळीचा_चढ, तुम्ही नीट लिहिलंत म्हणून मीही नीट लिहितो. मी ३१ वर्षं गाड्यांचं वायरिंगचं काम करतोय, आणि सगळ्यात जास्त लोकांचे पैसे कशात वाया गेलेले बघितले असतील तर ते अशा मधूनच येणाऱ्या फॉल्टमध्ये. कारण गाडी गॅरेजला पोचते तेव्हा ती चांगली असते, आणि चांगल्या गाडीत बिघाड कुणालाच सापडत नाही, मग अंदाजाने पार्ट बदलत बसतात.

पहिली गोष्ट. पी०३३५ चा अर्थ "क्रँक सेन्सर खराब" असा नाही. त्याचा अर्थ क्रँक सेन्सरच्या सर्किटमधून सिग्नल आला नाही. सर्किट म्हणजे सेन्सर, त्याचं कपलर (वायर जोडायचा प्लग), कपलरमधल्या पिना, तिथून ईसीएमपर्यंतच्या वायरी, मधे जॉइंट असतील तर ते, ईसीएमचं कपलर आणि सगळ्यात शेवटी ईसीएम. तुमच्या दोन्ही गॅरेजवाल्यांनी या साखळीतली पहिली कडी दोनदा बदलली आणि आता थेट शेवटच्या कडीवर उडी मारतायत. मधलं कुणीच बघितलेलं नाही.

दुसरी गोष्ट, आणि मला यातच तुमच्या बिघाडाचा माग दिसतोय. सेन्सर बदलल्यावर अडीच महिने चालली, दुसऱ्यांदा तीन आठवडे. सेन्सर बदलताना माणूस काय करतो? कपलर काढतो आणि परत बसवतो. पिना एकमेकींवर घासल्या जातात, वरचा थर खरवडला जातो, काँटॅक्ट पुन्हा चांगला होतो. म्हणजे गाडी नव्या सेन्सरने बरी झाली की कपलर काढ-घाल केल्याने बरी झाली हे तुम्हाला आत्ता सांगता येणार नाही. पंपवाल्या भाऊंचं म्हणणं मी उडवून लावत नाही, पंपही गरम होऊन थांबतो, पण मग पी०३३५ यायचं कारण नाही.

आता तुम्ही मला तीन गोष्टी सांगा. एक, गाडी बंद पडते त्या क्षणी चाकं फिरतायत आणि गाडी गिअरमध्ये आहे, म्हणजे चाकं इंजिनाला फिरवतायत, तेव्हा आरपीएमचा काटा काय करतो? इंजिन फिरत असूनही काटा धाडकन शून्यावर येत असेल तर ईसीएमला क्रँकचा सिग्नल मिळत नाहीये. काटा गाडीच्या वेगाबरोबर हळूहळू खाली येत असेल तर सिग्नल ठीक आहे आणि पेट्रोल किंवा इग्निशनकडे बघायचं. दोन, बंद अवस्थेत चेक इंजिनचा दिवा लागतो का? कारण मेन रिले किंवा इग्निशन स्विच सोडत असेल तर ईसीएमचा सप्लायच जातो आणि तेव्हाही काटा पडतो, ते वेगळं दुखणं. तीन, सेन्सरला वायरी दोन आहेत की तीन?


पोफळीचा_चढ

काका, खूप आभार. सर्किट आणि सेन्सर यातला फरक आजवर कुणी सांगितलाच नव्हता.

वायरी दोनच आहेत, एक पांढरी एक निळी, एकमेकींना पीळ दिलेल्या. चेक इंजिनचा दिवा बंद अवस्थेत चावी ऑन केली की लागतो. आणि काट्याचं आठवलं. एकदा घाट उतरताना झालं होतं, तिसऱ्या गिअरवर गाडी घरंगळत होती, क्लच दाबला नव्हता, आणि काटा एकदम शून्यावर आडवा. मला तेव्हा वाटलं मीटर बिघडला. दोन-तीन सेकंदांनी काटा परत उठला आणि गाडी धक्का देऊन चालू झाली.


सांगलीचा_वायरमन

मग पंप सोडा. चाकं इंजिनाला फिरवतायत आणि काटा शून्यावर, म्हणजे सिग्नलच तुटतोय. दोन-तीन सेकंदांनी परत आला हेही महत्त्वाचं आहे. गरम होऊन आतली कॉइल तुटत असती तर ती अशी लगेच परत जुळत नाही, थंड व्हायला वेळ घेते. क्षणात तुटणं आणि क्षणात जुळणं हे लूज काँटॅक्टचं लक्षण. शंभर टक्के म्हणत नाही, पण माझं मत तिकडे झुकतंय.

दोन वायरी म्हणजे तुमचा सेन्सर चुंबक आणि कॉइलचा. आत चुंबकावर बारीक तांब्याच्या तारेची कॉइल गुंडाळलेली असते, समोरून दात असलेली चकती फिरते, बऱ्याच गाड्यांत ६० दातांची जागा आणि त्यातले दोन दात मुद्दाम गाळलेले, त्या मोकळ्या जागेवरून ईसीएमला कळतं की क्रँक कुठे आहे. दात जवळून गेला की कॉइलमध्ये स्वतःच एसी व्होल्टेज तयार होतं, बाहेरून सप्लाय लागत नाही. इंजिन हळू फिरलं की व्होल्टेज कमी, जोरात फिरलं की जास्त. सेल्फवर इंजिन फिरतं जेमतेम दोनशे-अडीचशे आरपीएमने, तेव्हा सिग्नल सगळ्यात नाजूक असतो, म्हणून थोडा काँटॅक्ट खराब असला तरी आधी चालू होण्याची बोंब होते.

घरी करायचं ते असं. गाडी थंड असताना सेन्सरचं कपलर काढा आणि सेन्सरच्या दोन पिनांमध्ये ओहम मोजा, आकडा लिहून ठेवा. मग गाडी चालवून चांगली गरम करा आणि लगेच परत मोजा. तांब्याचा रेझिस्टन्स तापमानाबरोबर वाढतो, दर दहा डिग्रीला साधारण चार टक्के. म्हणजे थंडपेक्षा गरम आकडा वीस-पंचवीस टक्क्यांनी जास्त आला तर घाबरू नका, ते बरोबरच आहे. मीटरने एकदम काहीच दाखवलं नाही किंवा आकडा नाचायला लागला तर सेन्सर गेला. दोन्ही पिनांपासून सेन्सरच्या लोखंडी बॉडीपर्यंतही मोजा, तिथे मीटरने काहीच दाखवता कामा नये.

एक विनंती. वायरीच्या इन्सुलेशनला सुई टोचून मोजू नका. कोकणात पाऊस आहे, त्या भोकातून पाणी शिरतं आणि दोन वर्षांनी वायर आतून हिरवी पडून तुटते. आणि कपलरच्या फिमेल (पोकळ) पिनेत मीटरची जाड सुई कधीही घुसवू नका.


चाकणची_हार्नेसवाली

काकांच्या शेवटच्या वाक्यावर मला थोडं लिहायचंय, कारण माझं रोजचं काम वायरिंग हार्नेसच्या तपासणीचंच आहे.

फिमेल पिनेच्या आत पत्र्याची एक छोटी जीभ असते, ती मेल पिनेला स्प्रिंगसारखी दाबून धरते. तेवढ्या दाबावर सगळा काँटॅक्ट उभा असतो. मीटरची सुई त्या पिनेपेक्षा जाड असते, एकदा आत घातली की जीभ वाकते ती वाकतेच. डोळ्याला काही दिसत नाही, कपलर टक करून बसतं, मीटरवर बीपही येते, आणि गाडी इंजिनाच्या थरथरीत मधूनच सिग्नल सोडते. दुसरं म्हणजे न वाकवताही हे होतं. वर्षानुवर्षं थरथरीने दोन पिना एकमेकींवर केसभर सरकत राहतात, वरचा कथिलाचा मुलामा झिजतो, खाली काळी भुकटी साठते आणि ती वीज नीट वाहू देत नाही. ९२ हजार किलोमीटरला, गिअरबॉक्सजवळच्या उष्णतेत, हे अगदी शक्य आहे.

तपासायची पद्धत सोपी आहे. त्याच मापाची एक सुटी मेल पिन मिळवा, भंगारातल्या तशाच कपलरमधून काढली तरी चालेल. ती एकेक फिमेल पिनेत हलकेच घाला आणि बाहेर ओढा. चांगली पिन ओढताना बोटाला अडकल्यासारखं जाणवतं. कपलर उलटं धरलं तरी सुटी पिन पडता कामा नये. पडली तर तीच तुमची गुन्हेगार.

आणि कपलरच्या मागे, वायर जिथे पिनेला दाबून बसवलेली असते तिथे, प्रत्येक वायर एकेकटी धरून हलकेच ओढून बघा. कधी कधी तार आतल्या आत तुटलेली असते आणि फक्त वरचं प्लास्टिक धरून असते, ती वायर रबरासारखी ताणली जाते. लगेच कळतं.


मिरजमळा

एक शंका. माझ्या मिस्त्रीने ईसीएमपासून सेन्सरपर्यंत वायर मीटरने बघितली, बीप आली, म्हणाला वायरिंग ओके. मग अजून काय बघायचं राहिलं?


सांगलीचा_वायरमन

मिरजमळा, बीप ऐकून वायर पास करणं यात नवे मिस्त्रीच काय जुनेसुद्धा फसतात. वायरीत वीस तारा असतील आणि एकोणीस तुटल्या असतील तरी बीप येते, कारण मीटर अगदी नावापुरता करंट सोडतो. शिवाय बीप गाडी उभी असताना, थंड असताना घेतलेली. आपला बिघाड चालत्या, गरम, हलत्या गाडीत येतो.

वायर खरी तपासायची तर तिच्यावर लोड टाका. बॅटरीची मायनस काढा, वायरीची दोन्ही टोकं मोकळी करा, म्हणजे सेन्सरकडूनही आणि ईसीएमकडूनही, हे अगदी काटेकोर पाळा, ईसीएम जोडलेला असताना हा प्रयोग करायचा नाही. मग एका टोकाला बाहेरून फ्यूज लावून १२ व्होल्ट द्या आणि दुसऱ्या टोकाला पार्किंगचा ५ वॅटचा बल्ब लावून त्याचं दुसरं टोक त्याच १२ व्होल्टच्या मायनसला जोडा, बॉडीला नाही, कारण मायनस काढलेली आहे. बल्ब पूर्ण उजेडाने पेटला आणि वायर हलवल्यावर लुकलुकला नाही तरच वायर चांगली. आतून गंजलेली किंवा जेमतेम टेकलेली वायर बीप देईल पण बल्ब मंद पेटेल.

अर्थचंही तसंच. बॅटरी ते बॉडी आणि इंजिन ते बॉडी अशा अर्थच्या पट्ट्या असतात, त्यांचा ओहम मोजून काही कळत नाही. हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर सगळं चालू ठेवा, इंजिन चालू ठेवा, आणि मीटर डीसी व्होल्टवर ठेवून बॅटरीच्या मायनसपासून इंजिनच्या मोकळ्या लोखंडापर्यंत मोजा. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर उत्तम. जास्त आला तर नटबोल्ट खोला, घासा, परत आवळा. यात खर्च शून्य.


चाकणची_हार्नेसवाली

आणि पोफळीचा_चढ, एक साधा ब्लूटूथ डोंगल घ्या, गाडीचे कोड फोनवर दाखवणारा. आपल्याकडे एप्रिल २०१३ पासून नव्या कारना ओबीडी टू (कोड वाचायचं ठरलेलं सॉकेट आणि पद्धत) आलं, तुमची २०१४ ची आहे त्यामुळे चालायला हवा. कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेम बघा, कोड पडला त्या क्षणी कूलंटचं तापमान किती, वेग किती, आरपीएम किती हे त्यात साठवलेलं असतं. गॅरेजमध्ये आल्या आल्या कोड पुसतात तेव्हा ही माहितीही पुसली जाते आणि मग सगळे अंधारात. बंद पडलेल्या अवस्थेत सेल्फ मारताना लाइव्ह डेटात आरपीएम बघा. इंजिन फिरतंय आणि आकडा शून्य, म्हणजे सिग्नल ईसीएमपर्यंत पोचत नाहीये, याहून स्पष्ट पुरावा नाही.


उंबरठा_७

विषय थोडा बाजूचा आहे पण माझ्या गाडीत मधूनच एकदम चार कोड येतात, थ्रॉटलचा, मॅप सेन्सरचा, अॅक्सिलरेटर पेडलचा, आणि गाडी लिम्प मोडमध्ये जाते (ताकद कमी करून कशीबशी चालते), बंद करून चालू केली की ठीक. गॅरेजवाले म्हणतात ईसीएम. पोफळीचा_चढ यांच्यासारखंच म्हणून इथेच विचारते.


चाकणची_हार्नेसवाली

ताई, तुमचं वेगळं आहे पण ईसीएम म्हणायची घाई तुमच्याकडेही नको. थ्रॉटल, मॅप, पेडल या सगळ्यांना ईसीएमकडून ५ व्होल्टचा सप्लाय जातो आणि बऱ्याच गाड्यांत एका ५ व्होल्टच्या लाइनीवर तीन-चार सेन्सर असतात. त्यातल्या एकाचीही वायर कुठे अर्थला टेकली की सगळ्यांचा सप्लाय एकदम बसतो आणि चांगल्या सेन्सरांचेही कोड येतात. चार सेन्सर एका दिवशी जात नाहीत, चौघांत सामाईक काय आहे ते शोधायचं.

बिघाड चालू असताना चावी ऑन ठेवून कुठल्याही एका सेन्सरच्या कपलरवर ५ व्होल्ट मोजा. शून्य किंवा एक-दीड दाखवत असेल तर त्या लाइनीवरचा एकेक सेन्सर काढत जा. ज्याचं कपलर काढल्यावर ५ व्होल्ट परत आले तो सेन्सर शॉर्ट आहे. सगळे काढूनही आले नाहीत तर बहुधा वायर कुठेतरी घासलीय. एसीच्या गॅस पाइपवर प्रेशर सेन्सर असतो, तो विसरू नका, त्याचा इंजिनाशी संबंध नाही असं वाटून तो कुणी बघतच नाही. मात्र पिवळ्या कपलरांना अजिबात हात लावू नका, ती एअरबॅगची असतात.

आणि तीन वायरींच्या सेन्सरवर ओहम मोजत बसू नका, त्यांच्या आत बहुतेक वेळा इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं, ओहमवरून त्यांचं काही कळत नाही. तिथे सप्लाय, अर्थ आणि सिग्नल व्होल्टवर मोजायचे.


उंबरठा_७

सापडलं!! प्रेशर सेन्सरच. सेन्सर चांगला आहे, त्याची वायर उंदराने कुरतडलेली, पुढच्या क्रॉसमेंबरवर तांबं उघडं टेकत होतं. पावसाळ्यात गाडी आठवडाभर उभी होती तेव्हाच झालं असणार. वायर जोडली, स्लीव्ह घातली, आज चौथा दिवस, एकही कोड नाही. मनापासून आभार.


पोफळीचा_चढ

मंडळी, रविवारी सकाळपासून बसलो होतो, सविस्तर सांगतो.

थंड सेन्सर ८६० ओहम. बॉडीला काही नाही. मग गाडी अलोरेपर्यंत नेऊन आणली, दारात आल्या आल्या कपलर काढून मोजलं, १,०६० ओहम आणि आकडा स्थिर. काकांनी सांगितलं होतं तसंच, तेवीस टक्के वाढ. म्हणजे हा सेन्सर चांगला.

मग बॅटरीची मायनस काढून ईसीएमचं कपलर काढलं, तिथून दोन्ही वायरींमध्ये मीटर लावला. सुई आत घातली नाही, भंगारवाल्याकडून तशाच कपलरमधली पिन आणली होती, तिला वायर जोडून लावली. आता सेन्सर आणि पूर्ण वायरिंग एका रांगेत, मीटरवर साधारण तेवढेच ओहम दिसायला हवेत आणि दिसले. मुलाला मीटर बघायला बसवलं आणि मी खालून एकेक वीत वायर हलवत गेलो. ईसीएमकडून सुरुवात केली, काही नाही. बॅटरी ट्रेच्या खाली, काही नाही. गिअरबॉक्सच्या वर वायर वळते तिथे, काही नाही. सेन्सरच्या कपलरला नुसतं बोट लावलं आणि मुलगा ओरडला, बाबा गेलं! परत हलवलं, आलं. परत, गेलं. आम्ही दोघांनी दहा-बारा वेळा तेच केलं, विश्वासच बसत नव्हता. चार महिन्यांत पहिल्यांदा बिघाड माझ्या हाताखाली होता.

कपलर काढून सुटी पिन घालून बघितली. निळ्या वायरीच्या पिनेत अडकली, नीट ओढावी लागली. पांढरीच्या पिनेत घातली आणि कपलर उलटं केलं तर पिन टपकन मांडीवर पडली. टॉर्च मारून भिंगातून बघितलं, आतली जीभ एका बाजूला दबलेली आणि तिच्यावर काळपट थर. आणि कपलरचा लॉक तुटलेला, कुणीतरी तो काळ्या केबल टायने बांधून ठेवलेला, टाय वायरीला एका बाजूला ओढत होता. ही तोडफोड पहिल्या वेळी झाली की दुसऱ्या वेळी ते आता कळणं शक्य नाही. पण पहिल्या गॅरेजमधला मुलगा मीटरच्या सुया कपलरमध्ये खुपसून बघत होता हे मी स्वतः शेजारी उभं राहून बघितलंय.


सांगलीचा_वायरमन

वा! फार छान काम केलंत. मुलालाही शाबासकी सांगा.

आता जुळून आलं बघा. पहिल्यांदा पिनेवर काळा थर आला आणि गाडी बंद पडायला लागली. कपलर काढ-घाल झालं, थर खरवडला गेला, अडीच महिने चालली. त्याच वेळी सुईने जीभ दबली, म्हणून दुसऱ्या खेपेला तीनच आठवडे टिकलं. घाटात दुसऱ्या गिअरवर इंजिन जोर लावतं तेव्हा ते माउंटिंगवर जास्त हलतं, वायर ताणली जाते, त्यात उष्णतेने प्लास्टिक सैल, म्हणून घाटात आधी व्हायचं. आणि नंतर बाजारातही.

दुरुस्ती. ती पिन चिमट्याने दाबून परत वापरू नका, महिनाभर चालेल आणि परत सोडेल. वायरीसकट नवं कपलर मिळतं, चार-सहा इंच वायर लावलेलं, ते घ्या. दोन वायरींचे जॉइंट एकाच ठिकाणी करू नका, एक जॉइंट दोन इंच पुढे, दुसरा मागे ठेवा. मी अशा जागी सोल्डर करत नाही, सोल्डर जिथे संपतो तिथे वायर कडक होते आणि थरथरीने नेमकी तिथेच तुटते. जॉइंटचा स्लीव्ह नीट पकडीने दाबायचा आणि वरून आत गोंद असलेली हीट श्रिंक. वायरींचा पीळ कायम ठेवा, तो शोभेला दिलेला नाही, इग्निशन कॉइलच्या करंटचा किंवा सेल्फचा गोंगाट सिग्नलमध्ये शिरू नये म्हणून आहे. आणि वायर जवळच्या ब्रॅकेटला क्लिपने अशी धरा की इंजिन हललं तरी कपलरवर ताण येणार नाही.


डोंबिवली_फास्ट_लेन

मी सोल्डर करतो, कधी तुटलं नाही. चांगला आधार दिला की सोल्डरही टिकतो.


सांगलीचा_वायरमन

आधार दिला तर टिकतो, मान्य. पण गिअरबॉक्सवर तो आधार दोन वर्षांनी तिथे असेल याची मला खात्री नसते म्हणून मी करत नाही.


पोफळीचा_चढ

शेवटचा रिपोर्ट. नवं कपलर ३८० रुपयांना मिळालं, जॉइंट काकांनी सांगितले तसेच केले, वायर क्लिपने धरली, केबल टाय कापून टाकला. त्यानंतर सहा आठवड्यांत तीनदा कराडला जाऊन आलो, मधे एकदा रात्री मुसळधार पावसातही. डोंगल लावलेलाच ठेवतो, पी०३३५ नाही, पेंडिंगमध्येही काही नाही. ईसीएमला हात लावला नाही.

एक गोष्ट सांगायची राहिली. पहिला सेन्सर, गाडीबरोबर आलेला, मी त्या गॅरेजमधून मागून आणला होता आणि तो डिकीत पडून होता. काल तो मोजला, थंड ८४५ ओहम. मग प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधलं, दोन पिनांच्या वायरी बाहेर ठेवल्या आणि चहाच्या पातेल्यात उकळत्या पाण्यात दहा मिनिटं धरला. आई ओट्याशी उभी राहून बघत होती. १,०५० च्या आसपास जाऊन थांबला, हलवला, ठोकला, आकडा हलला नाही. तो सेन्सर पहिल्या दिवसापासून चांगलाच होता.


सांगलीचा_वायरमन

फेकू नका. नीट पुसून पिशवीत घालून परत डिकीत ठेवा, वर तारीख आणि ८४५ लिहून. बाबांना नमस्कार सांगा.